सहावा धडा

४ जून
आज डबा उघडला आणि नंदा आठवली. कॉलेजच्या मागच्या पायऱ्या, तिचे दडपे पोहे, माझी गुळपोळी. ती वाचायची, मी दोघींच्या वह्या लिहायची, कारण कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी घोटून घेतलेलं माझं अक्षर. दुसऱ्या वर्षी माझं लग्न झालं. ती बी.ए. झाली, चांदवडला शिकवून निवृत्तही झाली. मी आता घरी, लॅपटॉपवर बी.ए. करतेय. शेवटचं सत्र.
फोनवर म्हणाली, "माझी डिग्री कपाटात कसर खातेय. तुला कशाला हवी गं?"
म्हटलं, कसरीलाही शिकू दे.

९ जून
इतिहास, सहावा धडा. गोदाकाठच्या व्यापारी वाटा. व्हिडिओ थांबवत थांबवत चार पानं लिहिली. मग मागची पानं उलटली, तर तीच चार पानं. माझंच अक्षर. खोडलेला शब्दही तोच.
मुग्धा हसली. "आई, आमच्या कॉलेजात एकदा तरी कोण ऐकायचं? तू दोनदा ऐकलंस."
मीही हसले. लेकीसमोर अजून काय करणार.

१० जून
मु. ऑफिसला गेल्यावर सगळी वही चाळली. सहावा धडा दोनदा नाही, तीनदा. तिन्ही ठिकाणी समासात: 'बैलांचे तांडे समुद्रापर्यंत. नंदाला सांगायचं.'
नंदाला फोन केला. "सांगितलंस ना. दोनदा."
"मग बोलली का नाहीस?"
"इतकी खुशीत सांगत होतीस गं."

१५ जून
सराव परीक्षा. समोर फक्त कॅमेरा. वर्गात असते तर शेजारणीने कोपर मारलं असतं. इथे लाल पट्टी आली: खोलीत दुसरी व्यक्ती बोलत आहे.
खोलीत कोणी नव्हतं.
मु.ने रेकॉर्डिंग ऐकलं. हेडफोन काढून म्हणाली, "आई, तू नंदामावशीला उत्तर विचारत होतीस."
परीक्षा पुढच्या वर्षी दे म्हणते. पुढच्या वर्षी कोण देणार? मी, की

१९ जून
उद्या दहाला पेपर. सोमवारी डॉक्टर. क्रम बदलायचा नाही, हे मु.ला बजावलं.
आठ वेळा सहावा धडा वाचला असेल. की पहिल्यांदाच?
सुचतंय तोवर लिहून ठेवते.
खाकी कव्हरच्या सगळ्या वह्या नंदाला. तिला वाचून दाखवायची सवय आहे.
शाईचं पेन मुग्धाला, निब वाकडी करू नकोस.
लॅपटॉप मुग्धाच्या लेकीला, सईला. पासवर्ड वहीच्या पहिल्या पानावर आहे.
पदवीचा कागद आलाच, तर तो नंदाकडे ठेवायचा, कपाटात नाही. मी कधी विचारलं, ही पदवी कोणाची, तर नंदे, स्वतःची म्हणून सांगू नकोस. माझीच आहे, असं सांग.