तिरडीवरचं हसणं

रत्नागिरी, गुरुवार, दिवेलागण

दिग्दर्शकाचा फोन होता. "काकू, आपला सिनेमा परदेशातल्या महोत्सवात स्पर्धेला निवडलाय. काकांचा सीन सगळ्यांना आवडला." ह्यांचा सीन म्हणजे तिरडीवर निपचित पडणं. मीच म्हटलं होतं, रिटायर होऊन नुसते बसलाय, जा की. सहा महिन्यांत हे खरंच गेले. तेराव्याला वन्सं सगळ्यांदेखत म्हणाल्या, "वहिनी, चांगल्या माणसाला तिरडीवर निजवलंत!" तेव्हापासून तेच डोक्यात. माझ्यामुळे का?

हेदवीला तो शॉट झाल्यावर ह्यांना कॅमेऱ्याकडे बघून हसायला लावलं होतं. मेलेल्याचं काम केलं की तसं करतात, अपशकुन टळतो म्हणे. हे इतके हसले की नाकातला कापूस उडाला.

सिनेमा पाठवू का, विचारत होता. नको म्हटलं. तिरडीवर पाहिलंय मी त्यांना. ते हसणं आहे का त्यात? नाही म्हणाला, ते सिनेमात ठेवत नाहीत. मग तेवढंच पाठव बाबा.

आत्ता आलं. तीनदा पाहिलं. कापूस उडतो तेव्हा मागे कोणीतरी खो-खो हसतंय. वन्संच त्या. शूटिंग बघायला त्याही आल्या होत्या, मी विसरलेच होते.

रविवारी त्यांना जेवायला बोलावते. हे हसणं दाखवीन, दोघांचंही.