येतात की यायच्या

३ नोव्हेंबर

हिची कामाची पिशवी परत करण्यासाठी आरोग्य केंद्रात गेलो. कारकुनाने ती घेतली नाही. नाल्यापलीकडच्या वस्तीच्या परिचारिकेची जागा रिकामीच आहे, मग पिशवी द्यायची कोणाला, राहू द्या तुमच्याकडे – असे म्हणाला. रक्तदाबाचे यंत्र, तापमापक, कापूस. सरकारी वस्तू खासगी घरात खुंटीवर टांगून ठेवणे नियमबाह्य आहे, हे मी त्यास सांगितले. नियम बरोबर आहे, असे तो म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

सकाळी सवयीने दोन कप चहा केला. नंतर पाहतो तो दोन्ही रिकामे. मीच प्यायलो असणार. लक्ष ठिकाणावर ठेवले पाहिजे.

५ नोव्हेंबर

इस्त्रीवाली कपडे घेऊन आली. ती नाल्यापलीकडच्या वस्तीत राहते. तिच्या सुनेचे दिवस भरत आले आहेत. पैसे कनवटीला लावता लावता सहज म्हणाली, "काल सिस्टर येऊन गेल्या, काका. सुनेचे पाय बघितले. डाव्या कुशीवर निजायला सांगितलंय."

मी विचारले, कोणत्या सिस्टर?

तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी माझ्याच घराचा पत्ता विचारला होता.

ही जाऊन महिना होत आला. वस्तीकडे निघाली असता नाल्यावरच्या लोखंडी पुलावर हिचे हृदय बंद पडले. अंत्यविधीला इस्त्रीवाली स्वतः हजर होती! दुःखाने माणसे भ्रमिष्ट होतात, ती अशी.

६ नोव्हेंबर

भ्रमाचे निरसन करावे म्हणून वस्तीत गेलो. पूल ओलांडला की पक्का रस्ता संपतो. पुढे दाराला दार लागलेली पत्र्याची घरे. सून खाटेवर पाय लांब करून बसली होती. पाय सुजून खांबासारखे झालेले. उजव्या नडगीवर एक खड्डा दिसला – सूज अजमावण्यासाठी अंगठा दाबला की उमटतो, तसा. माझ्या डोळ्यांदेखत तो सावकाश भरून आला.

खड्डा तिरका होता. दारात चेंगरल्यापासून हिचा अंगठा तिरकाच होता.

कोणी दाबले, म्हणून विचारले. सून म्हणाली, "आत्ताच तर गेल्या. पुलावर भेटल्या नाहीत का?"

वस्तीत यायला-जायला पुलाचीच एक वाट आहे. मला कोणीही भेटले नाही.

घरी येऊन पाहिले. हिच्या चपला मी पुसून कोपऱ्यात ठेवल्या होत्या. तळाला ओला चिखल आहे. न्हाणीतले पाणी तिथवर आले असावे. दुसरे कारण संभवत नाही.

७ नोव्हेंबर

चपला पुन्हा पुसल्या. उगाच!

१० नोव्हेंबर

प्रकरण वाटले होते त्याहून गंभीर आहे. पलीकडच्या लोकांना मोठ्या रुग्णालयात मोफत उपचार मिळतात, परंतु वस्तीच्या परिचारिकेची चिठ्ठी असेल तरच. काल सुनेचे डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकले. अशा वेळी एक क्षणही दवडू नये, बाळ-बाळंतीण दोन्ही हातची जातात, असे ही नेहमी सांगत असे. इस्त्रीवालीने सुनेला नेले. चिठ्ठी नाही म्हणून दारातूनच परत पाठवले.

मग तुमच्या त्या सिस्टरकडे चिठ्ठी का मागत नाही, असे मी जरा तिरकसपणेच विचारले.

"मागितली ना, काका," ती म्हणाली. "बाकी सगळं करतात. चिठ्ठी म्हटलं, की नुसत्या स्वतःच्या हातांकडे बघत बसतात."

११ नोव्हेंबर

आरोग्य अधिकाऱ्यांना भेटलो. माणूस सभ्य आहे. त्यांचे म्हणणे असे – वस्तीत घरोघर विचारले, परिचारिका येतात का, प्रत्येक घरातून उत्तर आले, "येतात की!" केंद्रातून बदली म्हणून कोणी जात असणार. जिथे तक्रारच नाही तिथे नेमणूक कशाला? ती जागा ते दुसरीकडे देणार आहेत.

वस्तीची परिचारिका माझी पत्नी होती आणि ही हयात नाही, हे मी निवेदन केले. ते उठून उभे राहिले, हात जोडले, पुन्हा बसले. म्हणाले, "पण मी वस्तीचं ऐकू की तुमचं?" परवा सर्वांसमक्ष पुन्हा विचारणार आहेत.

म्हणजे सारा घोटाळा काळाचा आहे. छापखान्यात मी उभा जन्म मुद्रिते तपासण्यात घालवला. 'येतात' नव्हे, 'यायच्या'! एका क्रियापदापायी ती पोर दगावेल.

१२ नोव्हेंबर

वस्तीत जाऊन सर्वांना बसवले आणि भूतकाळ समजावून सांगितला. शाळेतल्यासारखे ऐकून घेतले सर्वांनी. तिथे एक म्हातारे आहेत, हरेक गोष्टीत वाद घालतात म्हणून त्यांना 'वकील' म्हणतात. ते म्हणाले, "सरकारची माणसं जिवंतपणी येत नाहीत. आमच्या सिस्टर मेल्यावरही येतात. खोटं कोणाबद्दल सांगायचं, ते सांगा." सगळे हसले. मलाही हसू आले, हे नमूद करतो.

इस्त्रीवाली मात्र हसली नाही. पुलापर्यंत पोचवायला आली. म्हणाली, प्रत्येक दारातून निघताना त्या 'येते हं' म्हणायच्या, आम्ही कोण नाही म्हणणारे? मग थांबून म्हणाली, "त्या निघतात तुमच्या घरून. तुम्हीच सांगा, काका. पण तुम्ही नाही म्हणालात, आणि त्यांनी ते ऐकलं, तर?"

मी पूल ओलांडून घरी आलो.

घरातून निघतानाही ही 'येते हं' असेच म्हणे. मी थट्टा करी – निघणाऱ्याने 'येते' म्हणणे हे धडधडीत असत्य विधान आहे. ही म्हणे, "म्हणून ठेवलं की यावं लागतं."

१३ नोव्हेंबर

अधिकारी आले. सोबत केंद्रातली एक तरुण परिचारिका. वस्ती सारी जमली होती. प्रश्न विचारला गेला. सून भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. सगळे माझ्याकडे पाहत होते.

मी उभा राहिलो. म्हणालो, "ती येत नाही."

लग्न झाल्यापासून हिला मी 'ही' म्हणत आलो. 'ती' आज प्रथमच म्हणालो.

मग वकील म्हणाले, नाही येत. मग इस्त्रीवाली. मग एकेक करून सगळे, खाली मान घालून. अधिकाऱ्यांनी तिथेच नेमणूक केली आणि त्या मुलीने पहिली चिठ्ठी सुनेची लिहिली. दुपारी तिला दाखल करून घेतले. वेळेवर आणली, असे डॉक्टर म्हणाले.

पिशवी त्या मुलीच्या स्वाधीन केली. खुंटी मोकळी झाली.

१४ नोव्हेंबर

चपला कोरड्या. दुसरा कप तसाच भरलेला, वर साय धरली आहे.

ही आज आली नाही.