सारवलेली भिंत

घरून,
१२ मे २०२५

चि. सौ. चारुलतास गजरामावशीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

साहेब घर तपासायला आले त्या सकाळी मी अंगण झाडलं, हंडा भरला, शेण आणि पिवळी माती कालवली आणि मागची भिंत वरपासून खालपर्यंत सारवली. चार बोटं आत जातील अशी भेग आहे, तीही बुजवली. खाटेजवळ हे डोकं टेकून बसायचे ती तेलकट जागा तेवढी नेहमीसारखी सोडली. चहा ठेवला तोच हेमराज पंचायतीच्या साहेबांना घेऊन आला.

पंचायत यंदा गरिबाच्या जुन्या घराला दुरुस्तीसाठी मदत देते, मीही अर्ज केला होता. मागच्या भिंतीवरच धाब्याचा मोठा सर, सगळं छत पेलणारं लाकूड, टेकला आहे. पावसाळ्यात ती बसली तर धाबं माझ्या अंगावर. साहेबांनी उभ्या उभ्या दोन फोटो काढले, घर छान ठेवलं म्हणून माझं कौतुक केलं, चहाही घेतला. आठ दिवसांनी यादी लागली. माझ्या नावापुढे लिहिलंय, घर सुस्थितीत, मदत नामंजूर.

यात हेमराजचा हात आहे. सख्खा पुतण्या, पंचायतीत मेंबर, भिंतीला भिंत लावून राहतो. साहेब येणार हा निरोप त्यानेच आणला, घर नीटनेटकं ठेव हेही त्यानेच सांगितलं. पडकं घर दाखवायचं असताना असं कोण सांगतं? परवा म्हणे, काकू, एकटी कशाला, पावसाळाभर आमच्याकडे ये. मी गेले की ही जागा कोणाची? काल तर सहीला कागदच घेऊन आला. चष्मा सापडत नाही सांगून मी त्याला परत पाठवलं. चष्मा डोळ्यांवरच होता, तरी तो कागद ठेवून निघून गेला. यावरूनच समज.

कागद सोबत पाठवते. त्यात सदर मिळकत असं लिहिलंय आणि खाली हेमराजची सही आधीच झालेली. माझ्या मिळकतीवर त्याची सही कशाला? मी वाचायला माझी मी शिकले, पण सरकारी अक्षरांमागे काय दडलेलं असतं ते मला दिसत नाही. तू कॉलेजच्या ऑफिसात रोज असले कागद बघतेस.

फोन करू नकोस, पलीकडे सगळं ऐकू जातं. मावशीची आठवण ठेवतेस, तशीच ठेव.

तुझी,
गजरामावशी

लोणखेडा,
१९ मे २०२५

ती. स्व. मावशीस चारुलताचा कृ. सा. न. वि. वि.

चष्मा लावून चष्मा शोधणारी आख्ख्या तालुक्यात तूच. कागद दोनदा वाचला. तुझं घर पुन्हा तपासावं, असा तुझ्याच नावाचा अर्ज आहे. भिंत मी पाहिली आहे, धोक्याची आहे, असं हेमराजने मेंबर म्हणून लिहून सही केली आहे. दुसरं काहीच नाही. कागद परत पाठवते, निर्धास्त सही कर.

एक विचारते, रागावू नकोस. हेमराज नक्की काय म्हणाला होता? सारव म्हणाला होता? मला बघायला पाहुणे आले तेव्हा कोणी न सांगता तू आमचा गोठासुद्धा सारवला होतास.

साहेबांना भेग दिसली पाहिजे, मावशी. तुझ्या हातून ते कसं व्हायचं, ते मला ठाऊक नाही. आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
चारुलता

घरून,
५ जून २०२५

चि. सौ. चारुलतास अनेक आशीर्वाद, वि. वि.

मी रागावले. दोन दिवस पत्र उतरंडीमागे टाकून दिलं. मग आठवून पाहिलं. हेमराज दारात उभा राहून म्हणाला होता की काकू, उद्या साहेब येई ऱ्हायना, घरीच ऱ्हाय. एवढंच. नीटनेटकं वगैरे माझं मीच जोडलं. परका माणूस घरात येणार आणि भिंत उघडी, हे मला जमलं नसतं.

सही केली. हेमराज म्हणाला की त्याने तेव्हाच साहेबांना भिंत दाखवली होती, पण ओल्या शेणाला हात कोण लावणार? वर हसलाही मेला. तरी अर्जाची झेरॉक्स मी डब्यात ठेवली आहे. माणूस आज चांगला, उद्याचं कोणी पाहिलंय?

साहेब उद्या दुपारी येतील. सारवण काढायला हेमराज गडी पाठवणार होता, मी नको म्हटलं. भेग यांच्या त्या तेलकट जागेच्या कडेनेच वर गेली आहे. भिंत नवी झाली की ती जागा राहणार नाही, हे मला अर्ज करतानाच कळत होतं. म्हणून सारवत होते की काय, मला सांगता येत नाही. आज संध्याकाळी तिथे डोकं टेकून बसले होते.

मुलांना गोड पापा. तुझ्या खरं बोलण्याची मला सवय होऊ दे.

तुझी,
गजरामावशी

ता. क. पत्र पेटीत टाकायचं राहून गेलं, म्हणून लिहिते. दुसऱ्या दिवशी साहेब यायच्या आधी मी खुरप्याने सगळी भिंत खरवडली, त्या जागेसकट.