हमीदाखालांच्या हातची फिरनी

प्रिय आई,

तू गेल्यावर तुला काही लिहायचं न्हाय, असं ठरवलं होतं. मेलेल्या माणसाला पत्र पोचवणार कोण? पण काल ईद झाली, आणि शेजारच्या हमीदाखाला जे बोलल्या ते तुझ्याशिवाय सांगू कुणाला?

यंदाही त्या कोरडा शिधाच घेऊन आल्या. तांदूळ, साखर, चारोळी, वेलदोडे. त्यांच्या घरचं शिजलेलं आपल्याला चालायचं न्हाय, म्हणून त्या शिधा द्यायच्या आणि फिरनी तू आपल्या चुलीवर करायचीस. लढाईत साखर कंट्रोलची झाली तरी त्यांनी चुकवलं न्हाय. निजामाचं राज्य गेलं, परंड्यात माणसं एकमेकांकडं बघंनाशी झाली, तरी न्हाय.

आठवतं का, पहिल्या वर्षी तू तांदळाचं पीठ थेट उकळत्या दुधात टाकलंस? गुठळ्याच गुठळ्या! अंगणातनं खाला म्हणाल्या, "भाभी, ये फिरनी नै, लड्डू हुए." मग उंबऱ्याबाहेर उभं राहूनच त्यांनी शिकवलं. तांदूळ भिजवून रवाळ वाटायचा, आधी गार दुधात कालवायचा, मग हात न थांबवता ढवळायचं आणि आटलं की मातीच्या परळात ओतायचं. तुझा हात बसला. गावभर "माझी फिरनी" म्हणून मिरवलीस. शिकवणारीचं नाव कधी घेतलं न्हाईस, हे मात्र मला खटकायचं.

मग तुला ताप भरला ते वर्ष. तुला चुलीशी बसवत नव्हतं, म्हणून खालांनी स्वतःच फिरनी केली आणि झाकून आणून दिली. त्या गेल्यावर तू मला म्हणालीस, "गाईला घाल." मी घातली. चव बघावी असं माझ्याही मनात आलं न्हाय. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, तर तू सांगितलंस, लई झ्याक झालती!

काल त्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहून म्हणाल्या, "तेरी मां मेरे हात का एकच बार खाई. उत्ता बस है मेरे को."

तुझा राग आला, आणि माझाही. खरं सांगितलं असतं तर त्यांच्याजवळ उरलं काय असतं? म्हणून म्हटलं, खाला, आत या, आज तुम्हीच करा. आधी नको म्हणाल्या. मग चपला काढल्या आणि आपल्या चुलीपुढं बसल्या. मी पोटभर खाल्ली. तुझ्यापेक्षा चांगली झालती, आई. तुझ्यामागं एकट्या पडलेल्या अण्णांनी तोंडात घातली न्हाय, पण अडवलंही न्हाय.

भादव्यात, पितरांच्या पंधरवड्यात, अविधवा नवमीला तुझं पान मी वाढणार. त्या पानावर खालांच्या हातची फिरनी असंल, हा माझा शब्द. तू खोटं बोललीस, ते आपण दोघी मिळून खरं करू. मुकाट्यानं खा.

तुझी,
शकू