विहिरीचा प्रसंग

पोखर्णी, ४ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. राजेश्रीस,
बजरंगदादाचे अनेक आशीर्वाद. इकडं सगळे खुशाल. फोनवर आवाज चढतो, म्हणून कागद घेतलाय.

देवळाजवळच्या हॉटेलात सितारामनं तुझा पेपरातला लेख मोठ्यानं वाचला. अमेरिकेत घोडेस्वारांचे सिनेमे काढणारा वेंडेल हास्क, ज्याचं नाव कुणी घेत न्हाई, त्याच्यावर तू अर्धं पान लिहिलंस. सगळे म्हणायले, बहिणीची नजर लय बारीक. मी अर्धा चहा टाकून उठलो.

खरं सांगतो, जळलो. सेलूच्या टॉकीजात बारा वर्षं मशीन मी चालवली. हास्कचा माणूस स्वतःच्या आधी घोड्याला पाणी पाजतो, हे मी तुला दाखवलं. बंदूक उडताना न्हाई, खाली ठेवताना हात बघावा, हे बी माझंच. अन् विहिरीवर फौजदार आपल्या भावाच्या खुन्याला टोपीतून पाणी पाजतो, तो शेवट तर तू जसाच्या तसा उचललास. वर लिहिलंस, 'लहानपणी ऐकलं होतं'. कुणाकडून, वाऱ्याकडून?

कळावे. लोभ हाय, पण सध्या जरा आंबलेला.
तुझा बजरंगदादा

पुणे, ११ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,
राजेश्रीचा सा. न. वि. वि.

चुकले. तुझं नाव दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. कारण मलाही तुझा हेवा वाटतो, बारा वर्षांची होते तेव्हापासून. पोरींनी टॉकीजात जायचं नाही म्हणून आई मला घरी ठेवायची, आणि तू रोज पडद्यासमोर. चुलीपाशी तू सांगशील तेवढाच माझा सिनेमा. पुढं हास्कनं टीव्हीसाठी केलेले अर्ध्या अर्ध्या तासाचे भाग मी एकेक शोधून पाहिले, तेव्हा सुख याचंच की ते तू पाहिलेले नव्हतेस. वाटलं, निदान एका पानावर तरी हा माणूस फक्त माझा असावा.

आता दुसरं. जुन्या फिल्मा जतन करणाऱ्या धम्मशीलाबाईंनी विचारलंय, की विहिरीचा प्रसंग मी कुठल्या प्रतीत पाहिला? सिनेमात विहीरच नाही म्हणे. मला तो सिनेमा मिळाला नव्हता, तुझ्या भरवशावर लिहिलं. खरं काय ते कळव.

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी उत्तर पाठव.
राजेश्री

पोखर्णी, १७ फेब्रुवारी २०२४

चि. राजेश्रीस,
आशीर्वाद.

शेवटचं रीळ सेलूला आलंच न्हाई. आधीच्या गावात जळालं होतं. मालकानं तसाच खेळ लावला, लोकांनी खुर्च्या मोडल्या. घरी आलो तर तू दारातच धरलंस, शेवट सांग म्हणून. मला माहीत न्हाई म्हणलो असतो तर तुझ्यापुढं माझी काय किंमत राहिली असती? म्हणून विहीर मीच खोदली. सांगून सांगून मलाच ती खरी वाटाया लागली.

तुझी फजिती माझ्यामुळं झाली. पेपरात दोष माझा लिही.

तुझ्या तोंडाकडं कसं बघू, हे कळेना झालेला,
दादा

पुणे, २६ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दुरुस्ती काल छापून आली. विहिरीचा प्रसंग हास्कचा नसून माझे बंधू बजरंग यांचा, असं लिहिलं. एका दिवसात चौघांनी विचारलं, की हे बजरंगराव कोण, त्यांनी सिनेमे केलेत का? माझ्या लेखाची एवढी चौकशी कुणी केली नव्हती. पोटात दुखलंच.

धम्मशीलाबाईंनी पूर्ण सिनेमा दिलाय, पेन ड्राइव्ह कुरिअरनं पाठवतेय. मी शेवट पाहिलेला नाही. आधी तू पाहा आणि मला सांग.

वाट पाहणारी,
राजेश्री

पोखर्णी, ३ मार्च २०२४

चि. राजेश्रीस,
अनेक आशीर्वाद.

बघितला. तीनदा. फौजदार पोचतो तवा खुनी तहानेनं आधीच मेलेला. इतकी वर्षं राग पाळला अन् समोर माणूसच न्हाई. त्याला काय करावं सुचत न्हाई. मग मेलेल्याच्या घोड्याचं खोगीर उतरवतो, लगाम काढतो, पाठीवर थाप मारून त्याला हाकलतो. घोडं जात न्हाई. दोघं तसेच उभे. बोलणं न्हाई, गाणं न्हाई, नुसता वारा. तुझ्या वहिनीनं विचारलं, संपलं का? मी परत पहिल्यापासून लावला.

राजे, माझ्या विहिरीपेक्षा हे लय मोठं हाय. तुझ्यावरचा राग कवाच गेला. आता त्या हास्कवर जळायलोय.

तुझा दादा