हिशेबात न आलेला डबा

कोल्हापूर,
ऑक्टोबर २००९

प्रिय प्रसेन,

तू कानपूरला गेलास आणि आपला प्रकल्प माझ्या एकटीच्या गळ्यात टाकून गेलास. विद्यापीठाच्या आवारात नत्र किती येतं आणि किती बाहेर जातं, एवढंच तर मोजायचं होतं. बागेतला युरिया, मेसची डाळ, गाड्यांचा धूर, सगळं मांडलं. पण सांडपाण्यात नत्र भलतंच निघायला लागलं, आत आलेल्यापेक्षा जास्त! सर माझ्यावर भडकले, मी बाटल्यांवर. नाकाला ओढणी बांधून गटाराचे नमुने पुन्हा घेतले. पुन्हा तेच.

परवा दुपारी सर आणि आम्ही प्रयोगशाळेतले सगळे यावरूनच तावातावाने भांडत होतो, तेही आपापले डबे उघडून, जेवता जेवता. माझ्या हातात तुझ्या आईंची भाकरी होती. घास तसाच राहिला. निम्मी पोरं मेसमध्ये जेवतच नाहीत, त्यांचे डबे रोज गावाहून एसटीने येतात, आणि ते कुणी धरलेच नव्हते. काखेत कळसा नि गावाला वळसा! सर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

हो, तुमच्या घरचा डबा अजून येतो. तू गेल्यावर बंद होईल असं मी धरून चालले होते. दुसऱ्याच दिवशी बिद्रीची गाडी फाटकाशी थांबली आणि केरबा कंडक्टर ओरडला, "ओ नेसरीकर, डबा घ्या की! सरूकाकी म्हणत्यात, पोरगा गेला म्हणून पोरगी उपाशी ऱ्हायची न्हाय." बुधवारी तुमच्याकडे मटण, म्हणून माझं पिठल्याचं भांडं वेगळं, झाकणावर चुन्याचं बोट ओढलेलं. इकडे अप्पा मला आपल्यातलीच लिंगायत स्थळं बघतायत. मी रोज कुणाच्या हातचं जेवते, हे त्यांना ठाऊक नाही.

मग डबेही मोजायचं ठरलं. प्रत्येकाने सांगायचं, डबा कुठला, कुणाकडचा. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, बिद्रीचा, घरचा. सरांनी मान वर केली. माझं घर नेसरीला, हे सगळ्यांना माहीत. कुणाच्या घरचा, त्यांनी विचारलं. माझ्याच, मी म्हणाले. कुणी हसलं नाही.

हे पत्र त्यासाठीच. जाताना तू लग्नाचं विचारलंस आणि मी गप्प राहिले, कारण मी भ्याले होते. आता चारचौघांत उत्तर देऊन बसले आहे, तर ते तुलाही कळायला हवं. रविवारी नेसरीला जाऊन अप्पांना मीच सांगणार. ते ओरडतील, अव्वा रडेल. भीती अजून वाटते, पण माझं ठरलंय. आईंना मात्र तू कळव, आणि लवकर कळव. पुढच्या बुधवारी रिकामा डबा मी केरबांकडे देणार नाही, तो घेऊन मीच बिद्रीला जाणार आहे.

तुझीच,
विद्याश्री