दात दिसणारा फोटो

आई, भाऊच्या नव्या घराच्या वास्तुशांतीत मी भांडण काढलं. तुला सांगायलाच हवं, कारण ते तुझ्या फोटोवरून झालं.

तू गेलीस तेव्हा भिंतीवर लावायला तुझा एकटीचा फोटोच सापडेना. शेवटी ट्रंकेच्या तळाशी, लुगड्याच्या घडीत एक निघाला, पन्हाळ्यावरचा. पदर खांद्यावर घसरलेला, तोंड उघडं, पुढच्या अर्ध्या तुटक्या दातासकट सगळे दात बाहेर. आबा म्हणाले, "बाईमाणसाचा फोटो असा असतोय व्हय?" आणि फोटोवाल्याकडं गेले. त्यानं तुझ्या डोक्यावर पदर ओढला, ओठ मिटवले, नाकात नथ घातली, मागं निळा पडदा सोडला. तुला नथ कधी नव्हतीच. धारा काढून हाताला दुधाचा वास येणारी बाई तू. ती चंदनाच्या हारातली गोरीपान बाई मात्र वर्षानुवर्षं सोप्यात टांगलेली राहिली. आले-गेलेले तिला हात जोडायचे आणि म्हणायचे, "लई सोशिक हुती." मला दर वेळी चीड यायची. सोशिक? तू?

मी शाळेत होते तेव्हाचा तो रविवार. "पोरीला घिऊन जोतिबाला जाऊन यायचं हाय," तू आबांना सांगितलंस. देवाचं नाव काढल्यावर ते अडवणार नव्हते, हे तुला पक्कं ठाऊक. फाट्यावर उतरून आपण गाडी धरली ती पन्हाळ्याची. मी तुझ्याकडं बघतच राहिले. तू म्हणालीस, "लगीन हून कोडोलीत आल्यापास्नं त्यो गड खालनंच बघत्या मी. आज वरनं आपलं घर बघायचं."

तटावर वारा असा की उभं राहवत नाही. तू डोळ्यांवर हात धरून शोधते आहेस. आधी कारखान्याची चिमणी सापडते, मग ओढा, मग आपलं आंब्याचं झाड आणि त्याच्याजवळ काडेपेटीएवढं काहीतरी. तू कितीतरी वेळ बघत राहतेस. "एवढुसंच हाय व्हय गं?" म्हणतेस. "आन् ह्येला मी भ्याली एवढी वर्सं!" आणि खदाखदा हसतेस. पदर उडतो, तुला भान नाही. तेवढ्यात तिथल्या फोटोवाल्यानं बटण दाबलं.

परतताना फाट्यावर तू गुलालाची पुडी घेतलीस आणि दोघींच्या कपाळाला फासलीस. "देव रागवत न्हाय, त्येला समदं ठावं हाय." घरी आबांनी आपली कपाळं बघून भक्तिभावानं हात जोडले. तू चुलीपुढं तोंड फिरवून बसलीस, पण तुझे खांदे हलत होते.

तो मूळ फोटो मी जपून ठेवला होता. तोच कोल्हापुरात मोठा करून घेतला, फ्रेम केला आणि वास्तुशांतीला घेऊन गेले. भाऊ दारातच आडवा आला. "आक्का, पावणं यायला लागल्यात. आईचं दात दिसाय लागल्यात की!"

"तिचंच हाईत. दिसूदेत."

"आबा असतं तर..."

"आबा न्हाईत. मी हाय."

त्यानं हात धरला, मी सोडवून घेतला. इतकी वर्षं तुझं तोंड मिटवून ठेवलं ते पुरे झालं, असं मी त्याला चारचौघांत ऐकवलं. स्टुलावर चढले, भाऊनं जुन्या सोप्यातनं आणून कपाटावर मांडलेल्या नथवालीला खाली उतरवलं आणि नव्याकोऱ्या भिंतीत खिळा ठोकला. रंगाचा पोपडा उडाला. उडू दे म्हटलं.

मग भाऊच्या लेकीनं विचारलं, "आजी कशाला हसत्या?" सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"घराकडं बघून," मी म्हणाले.

पावण्यांनी माना डोलावल्या. "समाधान पावली माउली," म्हणत एकीनं डोळे पुसले. भाऊही विरघळला, त्यानं स्वतः जाऊन तुला झेंडूचा हार घातला. मी त्यांना तसंच समजू दिलं. खोटं मी काहीच बोलले नव्हते.

हे पत्र फ्रेमच्या मागं खोचायचं मनात होतं, पण भाऊ ते वाचेल. म्हणून माझ्याजवळच ठेवते आहे. पण आई, तुला म्हणून सांगते. खिळा ठोकताना मी सारखी मागं वळून बघत होते, आबा आले की काय म्हणून.